दोरा नसलेले फळ

मित्रांनो, मी कोकोचे झाड आहे. आता जुने झाले आहे, पण कोणी म्हातारे म्हटलेले मला खपत नाही. ज्या चॉकलेटसाठी तुम्ही दुकानात जमिनीवर बसकण मारता, ते माझ्याच बियांपासून बनते. एवढी ओळख पुरे. फक्त एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. बाकीची झाडे फांदीला फळे धरतात, आमच्याकडे तशी रीत नाही. आम्हाला फुले येतात ती खोडाला आणि फळे लागतात तीही खोडालाच, अगदी तुमच्या गुडघ्याच्या उंचीवरसुद्धा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, कोणीतरी गंमत म्हणून चिकटवून ठेवली आहेत. हे लक्षात असू द्या, कारण माझी सगळी कथा या खोडावरच घडली.

माझी आई दूरच्या घनदाट अरण्यात उभी होती. तिथे बारा महिने उकाडा आणि बारा महिने पाऊस. तिच्या डोक्यावर इतकी उंच झाडे होती की तिने सूर्य कधी पुरता पाहिला नाही, आणि तिला त्याची हौसही नव्हती. आमच्या घराण्याला सावलीच मानवते. तिथल्या बंदरात एका जहाजाच्या आचाऱ्याने तिचे एक पिकलेले फळ विकत घेतले. ते गारठू नये म्हणून त्याने आपल्या लोकरी मोज्यात घातले आणि प्रवासभर स्वयंपाकाच्या चुलीजवळ टांगून ठेवले. म्हणजे मी या गावात आले ती मोज्यातून. मोजा धुतलेला होता, असे तो आचारी शपथेवर सांगायचा.

या आचाऱ्याच्या भाच्याला, म्हणजे आमच्या माळीदादाला, नुकतीच इथल्या बागेत माळ्याची नोकरी लागली होती. मामाने ते फळ त्याला भेट दिले. बाग थंड मुलखातली, पण तिच्या मधोमध एक मोठे काचघर आहे. लोखंडी सांगाडा, त्यावर काचा, भिंतीकडेने गरम पाण्याचे नळ आणि मध्ये कमळांचे छोटे टाके. बाहेर दात वाजत असले तरी आत अरण्यासारखी ऊब. माळीदादाने तिथे बसून फळ फोडले. आत पांढऱ्याशुभ्र गराने मढवलेल्या बिया होत्या. त्याने एक बी तोंडात टाकली, चोखली आणि डोळे मिटले. मग दुसरी. मग तिसरी. सगळा गर संपला तेव्हा त्याला आठवले की आपल्याला एक थोरली बहीणही आहे.

ती बहीण म्हणजे ताई. ती त्याच बागेच्या तिकीटखिडकीवर बसायची.

"एकट्यानं खाल्लंस ना?" ती म्हणाली. "राहू दे. लक्षात ठेवीन."

"ताई, चव सांगताच येत नाही बघ. आंबट आणि गोड, पण दोन्ही एकदम. या बिया लावतो मी. झाड झालं, फळ लागलं, की पहिला घास तुझा."

"कबूल?"

"कबूल."

चोखून टाकलेल्या त्या बियांपैकी एक मी. माळीदादाने या नोकरीत लावलेले पहिले झाड मीच. तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटले नव्हते.

मित्रांनो, माझे बालपण फार लाडाचे गेले. माझी कोवळी पाने लालसर निघतात आणि मरगळल्यासारखी खाली लोंबतात. पहिल्यांदा ती पाहून माळीदादाची पाचावर धारण बसली. त्याला वाटले, झाड चालले. पाने आपोआप ताठ झाली, हिरवी झाली, तेव्हा त्याने मला उद्देशून एक वाक्य म्हटले, ते इथे सांगण्यासारखे नाही. पण प्रेमाचे होते.

आणि तो मला स्वच्छ ठेवायचा. स्वच्छ म्हणजे किती? त्याच्या खिशात रुमालाऐवजी ओले फडके असायचे. माझे एकेक पान तो पुसायचा. खोड पुसायचा, फुले चुकवून, श्वास रोखून. आणि झाडू तर त्याच्या हाताला जन्मतःच चिकटलेला असावा. माझे पिकले पान देठापासून सुटले की जमिनीला लागायच्या आत तो हजर. पान गोणीत, गोणी बाहेर. माझ्या बुंध्याशी जमीन अशी लख्ख असायची की ताई म्हणायची, "इथे जेवायला बसावं."

मला फुले येऊ लागली. तुमच्या करंगळीच्या नखाएवढी, पांढरी, आत गुलाबी रेघा. खोडभर फुले. लोक बघायला येऊ लागले. चॉकलेटचे झाड! शाळांच्या सहली आल्या, एक बातमीदार आला, एका चित्रकार बाईने माझे चित्र काढले. मी फुगून गेले होते. पण फुले यायची आणि एखाद्या दिवसात गळून पडायची. फळ एकही नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, त्याच्याही पुढे नाही. नव्याचे नऊ दिवस सरले. लोक आता शेजारच्या केळीपाशी थांबू लागले, कारण तिला घड तरी लागायचा. केळ शिष्ट नव्हती, पण तिचा घड अगदी माझ्या डोळ्यांसमोर लोंबायचा.

माळीदादाने काय काय केले नाही? खत बदलले, पाण्याची वेळ बदलली. नळांची ऊब वाढवली, कमी केली. कोणीतरी सांगितले म्हणून रंगाचा बारीक ब्रश आणून एका फुलातले पराग दुसऱ्यात लावायला बसला. पण माझे पराग पाकळीच्या टोपीत दडलेले असतात, आणि माळीदादाची बोटे म्हणजे गाजरे. त्या दिवशी त्याने जितकी फुले हाताळली तितकी मोडली. मग त्याने ब्रश बाजूला ठेवला आणि काय करावे ते न कळून माझे खोड पुन्हा एकदा पुसून काढले.

मुले मात्र येतच राहिली आणि एकच प्रश्न विचारत राहिली, "याचं फळ कुठंय?" नाही म्हणता म्हणता त्याचा घसा सुकायचा. शेवटी त्याने एक युक्ती केली. लाकडाचे एक फळ कोरले, पिवळे रंगवले, आणि एका सहलीच्या आदल्या दिवशी तपकिरी दोऱ्याने माझ्या खालच्या फांदीला टांगले. मुले खूश झाली. शाळेच्या बाई खूश झाल्या. फक्त एक दोन वेण्यांची मुलगी मागे रेंगाळली. ती सगळ्या गोष्टी जरा जास्तच जवळून बघायची. तिने मान वाकडी करून पाहिले, मग माळीदादाची बाही ओढली आणि त्याच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली,

"काका, दोरा दिसतोय."

माळीदादाचा चेहरा पिकल्या मिरचीसारखा झाला. हात दाखवून अवलक्षण, दुसरे काय! मुलीने मात्र ओठांवर बोट ठेवले आणि पळत जाऊन रांगेत उभी राहिली. तिने ते कोणालाही सांगितले नाही. ते लाकडी फळ त्याने त्याच दिवशी काढून अवजारांच्या खोलीत खिळ्याला अडकवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बागेच्या व्यवस्थापकबाई काचघरात आल्या. बाई वाईट नव्हत्या. हिशेबी होत्या आणि सरळ होत्या. त्या म्हणाल्या, "माळीदादा, खूप वाट पाहिली आपण. मुलं लांबून येतात आणि हिरमुसून जातात. थंडी संपली की हे झाड काढू या. तिथं काहीतरी फळणारं लावू."

"हे दुसरीकडे हलवता नाही का येणार?"

"एवढं मोठं? तुम्हीच सांगा."

उत्तर माळीदादाला माहीत होते. इतक्या वर्षांची मुळे उपटली तर मी जगणार नव्हते. बाई गेल्यावर त्याने शिडी लावली आणि माझ्या डोक्यावरच्या काचा पुसायला चढला. दुःख झाले की तो काहीतरी पुसत सुटतो. त्या दिवशी त्याचा पाय घसरला. खाली आला तो शिडीसकट. पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर चढले आणि थंडीभर खाटेवर पडून राहण्याची शिक्षा झाली.

थंडीत बागेकडे चिटपाखरू फिरकत नाही, म्हणून तिकीटखिडकीवरच्या ताईला काचघर सांभाळायला सांगितले. आणि इथून, मित्रांनो, माझे नशीब फिरले.

ताईचा स्वभाव माळीदादाच्या अगदी उलट. ती सकाळी यायची, नळ चालू आहेत ना ते बघायची, आम्हा सगळ्यांना पाणी घालायची. मग माझ्या सावलीत खुर्ची टाकून, थर्मासमधला चहा ओतून, विणकाम घेऊन बसायची. माळीदादा खाटेवर पडून उंटावरून शेळ्या हाकायचा. रोज ती घरी गेली की तिला विचारायचा, "पानं झाडलीस?"

"झाडाचीच पानं, झाडाखालीच पडलीत," ताई म्हणायची. "त्यांना आणखी कुठे पाठवायचं?"

"ताई!"

"बरं, झाडते उद्या."

तो 'उद्या' काही उजाडला नाही. माझी पाने पडत राहिली. एकावर एक थर बसला, खालचा ओला होऊन काळा पडला. मला आधी लाज वाटली. उभ्या जन्मात माझ्या पायाशी असा पसारा कधी नव्हता. पण खरे सांगू? त्या ओलसर उबेत माझ्या मुळांना काहीतरी जुने, ओळखीचे वाटू लागले. मी अरण्य पाहिलेले नाही, तरी आईच्या पायाशी असेच काहीतरी असणार असे मला वाटले.

त्यातच शेजारच्या केळीचा घड उतरला. घड दिला की केळीचे ते खोड संपते, ते तोडून बाहेर न्यायचे असते. ताईने ते तोडले, ढकलत ढकलत माझ्या बुंध्यापर्यंत आणले आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पुरे झालं. माझी कंबर मला अजून वापरायचीय." खोड तिथेच राहिले, माझ्या पायाशी. कुजू लागले. आणि त्यातून चिलटे निघाली. मोहरीच्या दाण्याहूनही बारीक, ढगासारखी. ताईच्या चहात पडायची. ती त्यांना नाही नाही ते बोलायची आणि कपावर बशी झाकायची.

ती चिलटे माझ्या फुलांत शिरू लागली. मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! माळीदादाची गाजरासारखी बोटे जिथे पोचत नव्हती तिथे ती सहज जाऊन येत. पाकळीच्या टोपीत डोके घालीत, अंगाला पराग माखून घेत, दुसऱ्या फुलात घुसत. इतकी वर्षे मी याच पाहुण्यांची वाट पाहत होते, आणि मला ते माहीतही नव्हते. काही फुले गळाली नाहीत. त्यांच्या जागी काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढे हिरवे टोक दिसू लागले. मग ते फुगले. मग अंगठ्याएवढे झाले.

आनंदाने मला वेड लागायची पाळी आली होती. ओरडून सांगावे तर तोंड नाही. ताई बघेल, ताई सांगेल, या आशेवर मी होते. आणि एके दिवशी ताईने खरोखर पाहिले. माझ्या मागच्या बाजूला, अगदी खाली, विणकामाचा गुंडा घरंगळत गेला होता तो उचलताना. ती थबकली. तिने बोटाने हळूच दाबून पाहिले. आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

तिने आयुष्यात कोकोचे फळ झाडाला लागलेले पाहिले नव्हते. माळीदादाने तरी कुठे पाहिले होते! लाकडाचे पाहिले, तेही फांदीला दोऱ्याने टांगलेले. खोडातून फुटलेले हे हिरवे फुगवटे पाहून तिला वाटले, झाडाला गाठी आल्या. रोग लागला. आपण पाने झाडली नाहीत म्हणून लागला. तिने इकडेतिकडे पाहिले आणि दोन्ही हातांनी पाने ओढून माझ्या बुंध्याभोवती असा ढीग रचला की एकही गाठ दिसू नये. ज्यांची इतकी वर्षे वाट पाहिली, ती माझी फळे लपवून ठेवली. पानांच्या त्या ढिगात मी हसावे की रडावे, ते मला समजेना.

थंडी ओसरली. व्यवस्थापकबाईंनी लाकूडतोड्याला निरोप धाडला. ज्या सकाळी तो येणार होता त्या सकाळी माळीदादा काठी टेकत काचघरात आला. दार उघडले आणि तो जागीच उभा राहिला.

"ताई, हे काय आहे?"

"पानं आहेत," ताई म्हणाली.

तो रागावेल असे मला वाटले होते. पण त्याच्यात रागावण्याएवढे बळ उरले नव्हते. तो माझ्याजवळ आला आणि माझ्या खोडावर हात ठेवून नुसता उभा राहिला. "असू दे. आता काय फरक पडतो," तो म्हणाला. "निदान जाताना तरी स्वच्छ जाऊ दे बिचारं." त्याने झाडू घेतला, ढीग थोडा सारला, मग खिशातून ओले फडके काढले. आणि मोडलेला पाय पुढे पसरून माझ्या बुंध्याशी बसला. वरून पुसत पुसत त्याचा हात खाली येऊ लागला, मागच्या बाजूला. तो इतका हळू पुसत होता की मला रडू फुटले असते तर ते तेव्हाच फुटले असते.

फडके अडखळले.

त्याने पुन्हा फिरवले. पुन्हा अडखळले. मग त्याने फडके टाकून दिले आणि उघड्या हाताने चाचपले. एक. त्याच्याखाली आणखी एक. त्याने पाने बाजूला केली आणि जमिनीला गाल लावून पाहू लागला. मोज्यातून आलेल्या त्या फळावर होत्या तशाच उभ्या खाचा इथेही होत्या.

ताई जवळ आली. "तुला सांगणार होते रे. माझ्यामुळेच झालं ते. पानं नाही झाडली, म्हणून रोग लागला त्याला. तुला बघून त्रास होईल म्हणून मी झाकून ठेवलं."

माळीदादाचे खांदे हलू लागले. ताई घाबरून खाली बसली, तेव्हा तिला दिसले की तो हसतो आहे. डोळ्यांतून पाणी गळत होते आणि तो हसत होता.

"ताई, अगं गाठी नाहीत त्या. फळं आहेत."

"खोडाला?"

"खोडाला."

दोघे बहीणभाऊ त्या कुजक्या पानांत फतकल मारून बसले. माळीदादाने हाताने पाला उकरला. चिलटांचा ढग उठला, आणि त्यातले एक त्याच्या नाकासमोरच्या फुलात गडप झाले. तो बघतच राहिला. फुलातून बाहेर, दुसऱ्या फुलात.

"ही चिलटं कधीपासून आहेत?"

"तू पडलास, आणि पानं साचली, तेव्हापासून. मेली रोज चहात पडतात."

माळीदादाने कुजलेल्या खोडाकडे पाहिले, फुलांकडे पाहिले, आणि मग झाडूकडे पाहिले. क्षणभर त्याचा चेहरा इतका पडला की मला त्याच्या गळ्यात फांदी टाकावीशी वाटली. "म्हणजे इतकी वर्षं मीच…" तो म्हणाला. "रोज सकाळी मीच त्यांना गोणीत भरून बाहेर टाकत होतो."

"अति तेथे माती," ताई म्हणाली. "आणि इथं तर तू मातीसुद्धा राहू दिली नाहीस."

यावर दोघेही पुन्हा हसत सुटले. मित्रांनो, मला त्याच्यावर कधीच राग आला नाही, तेव्हाही नाही. ज्याने माझे एकेक पान पुसले, त्याच्यावर रागवायचे कसे? फक्त एवढे वाटले, की बोलता आले असते तर एक शब्द पुरला असता.

लाकूडतोड्या करवत घेऊन आला तेव्हा व्यवस्थापकबाई त्याच्यासोबत होत्या. माळीदादाने काठी आडवी धरून दोघांना अडवले आणि फळे दाखवली. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्याही खाली वाकल्या.

"कमाल केलीत. कोणती पद्धत वापरलीत?"

"माझी नाही, ताईची पद्धत आहे."

बाईंनी ताईकडे पाहिले. ताई पदर सावरत म्हणाली, "बसून राहायचं. चहावर बशी झाकायची. एवढंच."

लाकूडतोड्याला बाईंनी बाहेरचे कुंपण छाटायला पाठवले. तो जाताना एका फळाला टिचकी मारून पाहायला निघाला, तर माळीदादाने त्याच्या हातावर काठी ठेवली.

पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. काही फळे काळी पडून सुकली. आम्हा झाडांना पेलतील तेवढीच आम्ही ठेवतो, पण प्रत्येक काळ्या फळागणिक माळीदादाचे एक जेवण चुकायचे. उरली ती मात्र हाताएवढी झाली, हिरव्याची पिवळीधमक झाली. झाडू आता भिंतीला टेकलेला असायचा. मधल्या वाटेवर तो फिरे, माझ्या पायाशी येत नसे. फडक्याची सवय काही गेली नाही. ताईची खुर्ची त्याने रोज पुसायला घेतली.

पहिले फळ त्याने सहलीच्या दिवशी उतरवायचे ठरवले. शाळेची मुले आली, त्यांच्यात ती दोन वेण्यांची मुलगीही होती. आता ती उंच झाली होती आणि वेणी एकच उरली होती. बाकीची मुले आरडाओरडा करत माझ्याभोवती गोळा झाली. ती मात्र मागून आली. तिने माझ्याकडे पाहिले, फळांकडे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर जुनी शंका उमटली. खरे तर ती शंका रास्त होती. माझी खरी फळे त्या लाकडी फळापेक्षाही खोटी दिसतात. ती माळीदादाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे न बघता पुटपुटली,

"काका, या वेळी दोरा कुठे लपवलाय?"

"शोध," माळीदादा म्हणाला.

तिने शोधला. एका फळाच्या वर बोट फिरवले, खाली फिरवले, मागून फिरवले. देठ जिथे माझ्या सालीत शिरतो तिथे तिचे बोट थांबले. तिने हलकेच ओढून पाहिले. मी सोडले नाही.

"नाहीये दोरा," ती म्हणाली. "मग लटकलंय कशानं?"

"झाडानं धरलंय."

तिने आपला तळवा माझ्या खोडावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

मग माळीदादाने फळ कापून घेतले, दगडावर ठेवून फोडले. आतला पांढरा गर पाहून मुलांचे पन्नास हात पुढे आले. "थांबा," तो म्हणाला. त्याने पहिली बी उचलली आणि खुर्चीवर बसलेल्या ताईपुढे धरली. ताईने विणकाम खाली ठेवले, बी तोंडात टाकली, चोखली आणि डोळे मिटले. मुले टाचा उंचावून बघू लागली. मी तर एक पानही हलू दिले नाही.

"कशी आहे?" माळीदादाने विचारले.

ताईने डोळे उघडले. "सांगता येत नाही," ती म्हणाली. "पण तू एकट्यानं खाल्लंस ते मी माफ केलं."

तर मित्रांनो, हे माझे आयुष्य. आता मी दरवर्षी फळते, आणि दरवर्षी मुले दोरा शोधून जातात. माझे एकच मागणे आहे. तुमच्या अंगणात, शाळेत, रस्त्याकडेला कुठलेही झाड असेल, त्याच्यावर माया करा, पाणी घाला, जवळ बसा. वाट झाडा, पायरी झाडा. पण झाडाच्या अगदी पायाशी पडलेली थोडी पाने तिथेच राहू द्या. झाडाचीच पाने, झाडाखालीच पडलीत. त्यांना आणखी कुठे पाठवायचे?